एकाच पेनड्राइव्हवर

नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. पुढच्या अर्ध्या भागात माझ्या नवऱ्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल आणि मागच्या अर्ध्या भागात माझं शिलाई मशीन. लग्न होऊन मी घोडेगावहून इकडं आले तेव्हापासून ही मांडणी बदललेली नाही. त्यांच्याकडं लोक लॅपटॉप घेऊन यायचे, माझ्याकडं ब्लाउजपीस. एकमेकांच्या कामात आम्ही कधी डोकावलो नाही.

त्यांना साखरेचा त्रास तरुणपणापासून. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं, पुण्याला ऑपरेशनं झाली, तरी तो डोळा गेला. डाव्यावर सगळं चाललं होतं आणि चालेल असं आम्ही धरूनच बसलो होतो. एका सकाळी ते टेबलाशी बसून श्रीखंडाच्या जुन्या डब्यात हात घालून काहीतरी चाचपत होते. मग मान न वळवता म्हणाले, "अगं, हा दोरा हिरवा आहे का निळा?"

त्या डब्यात त्यांचे पेनड्राइव्ह असायचे. प्रत्येकावर एकेक सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम. लॅपटॉप आपणहून सुरू होत नसला की पेनड्राइव्ह लावून तो बाहेरून सुरू करायचा, मग आतला माल वाचवायचा किंवा बिघाड शोधायचा, असं ते काम. नव्या मशीनला एक सिस्टिम, अगदी जुन्या, धापा टाकणाऱ्या मशीनला हलकी दुसरी, डिस्क तपासायला तिसरी. सगळ्या लिनक्सच्या घरातल्या, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या आणि कुणालाही मोकळेपणानं घेता, वाटता येणाऱ्या. ड्राइव्ह दिसायला सारखे म्हणून माझ्याच रिळांतले रंगीत दोरे त्यांनी त्यांना बांधून घेतले होते.

"निळा," मी म्हटलं. तो हिरवा होता का निळा, हे त्यांना कळत नव्हतं, हे मला दिवसभर कळलंच नाही. संध्याकाळी भात कालवताना अचानक ध्यानात आलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी या वेळी बोलणं फार लांबवलं नाही. जे आहे ते जपा, पण किती टिकेल सांगता येणार नाही, म्हणाले. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. कळंबच्या पुढं आल्यावर म्हणाले, "उद्यापासून तू शीक."

"काय शिकू?"

"जेवढं होईल तेवढं. पहिल्यांदा त्या डब्यातलं सगळं एका ड्राइव्हवर घ्यायचंय. मला आता दोरे दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मी मशीनवर कव्हर घातलं आणि त्यांच्या टेबलाशी बसले. त्यांच्या खुर्चीत बसायची ती माझी पहिली वेळ. ते बाजूच्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. मोठ्या साठवणीचा एक नवा ड्राइव्ह त्यांनी मागवला होता. त्यावर आधी एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा होता. तो बसला की पुढं काही अवघड नाही, गाणी टाकावीत तशा सिस्टिमच्या फायली नुसत्या टाकत जायच्या, आणि कॉम्प्युटर सुरू होताना यादी समोर येते. हवी ती निवडायची. पण तो प्रोग्रॅम बसवताना ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. निवडताना चूक झाली तर पुसली जाईल ती दुकानातल्या कॉम्प्युटरची डिस्क.

"काय दिसतंय ते वाच," ते म्हणाले. "नाव वाच आणि किती जीबी ते वाच."

मी वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं. माऊसवरचं माझं बोट घामानं निसटत होतं. शिवताना एकदा कात्री चालली की चालली, हे मला ठाऊक आहे, पण तिथं कापड डोळ्यांसमोर असतं. इथं नुसत्या दोन ओळी होत्या आणि त्यातली एक आमच्या सगळ्या कामाची.

"दाब," ते म्हणाले. मी दाबलं. काही बिघडलं नाही.

मग फायली टाकायला घेतल्या. ते म्हणाले, प्रत्येक नावाच्या आधी आकडा घाल, म्हणजे यादी त्याच क्रमानं लागेल. मी विचारलं, पहिला आकडा कुणाला? नव्या लॅपटॉपची सिस्टिम सगळ्यात जास्त लागते, तीच वर येईल असं मला वाटलं होतं.

"बोलणारीला," ते म्हणाले.

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं, की काही सिस्टिममध्ये स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज आधीपासूनच असतो. तीन बटणं एकदम दाबली की तो सुरू होतो, आणि ज्याला दिसत नाही त्याला समोर काय आहे ते सांगत राहतो. आपल्या कॉम्प्युटरवर असा आवाज बसवता येतो, पण गिऱ्हाइकाच्या बंद पडलेल्या मशीनवर तो कुठून येणार? ड्राइव्हवर असला तर कुठल्याही मशीनवर येईल. "आणि ती पहिली असली, की खाली वर शोधायला नको. नुसतं एंटर दाबायचं, पुन्हा एकदा एंटर, आणि थांबायचं."

हे ते एखाद्या गिऱ्हाइकाला वॉरंटी समजावून सांगावी तसं सांगत होते. मी आकडा घातला. मग उठून मागं गेले, कव्हर काढलं आणि कुणाच्या तरी झंपराची बाही जोडायला घेतली. ती वाकडी गेली. उसवून परत घातली.

त्यानंतर रोज दुपारी सराव. स्क्रीनवर टॉवेल टाकून ते बसायचे. आवाज आधी इंग्रजीत होता, मग त्यांनी मराठी लावून घेतला. तो मराठी आवाज फार विचित्र होता. शब्द तोडून, सपाट, कुठलाही चढउतार नसलेला. फोल्डर हा शब्द तो असा म्हणायचा की मला पहिल्यांदा शिवीच ऐकू आली. ते हसले. त्या महिन्यात ते तेवढंच हसले असतील.

एक गोष्ट मात्र त्या आवाजाला जमत नव्हती. काही लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू व्हायलाच नकार देतात. त्यांच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून परवानगी द्यावी लागते, आणि तो स्क्रीन मुका असतो. तिथं काय लिहिलंय ते मलाच वाचावं लागणार होतं. ते त्यांना लई खटकलं.

"तिथवर मी आहे ना," मी म्हटलं.

"तू जन्मभर माझ्या शेजारी बसणार का?"

"आजवर कुठं बसले होते?"

उन्हाळ्याच्या तोंडाला डावा डोळाही गेला. एकदम नाही, आधी कडेनं धूर भरल्यासारखं झालं, मग मधला उजेड गेला. आम्ही तयारी केली होती, पण तयारीचा काही उपयोग झाला नाही. ते घरात भिंतीला पाठ लावून बसायचे. जेवताना ताटात कुठं काय आहे हे सांगितलं की चिडायचे, नाही सांगितलं तरी चिडायचे. दुकानाचं नाव काढलं की कूस बदलायचे. मी एकटीच दुकान उघडायचे आणि शिवणकाम करायचे. कॉम्प्युटर घेऊन आलेल्यांना सांगायचे, सध्या बंद आहे. काही लोक पुढच्या चौकातल्या दुकानात जायला लागले, ते नंतरही परत आले नाहीत.

मग एक दिवस खोडदचे एक गृहस्थ आले. खताच्या स्वच्छ धुतलेल्या गोणीत लॅपटॉप गुंडाळून आणला होता. वय साठीच्या पुढं, टोपी हातात.

"भाऊ हायेत का?"

"त्यांना बरं नाही. काम बंद आहे."

ते गेले नाहीत. स्टुलावर बसले. म्हणाले, "दुसरीकडं दावला व्हता. त्ये म्हणत्यात, सगळं पुसून नवं टाकावं लागंल. मला पुसायचं न्हाई. पोराचा हाये." टोपी मांडीवर ठेवत म्हणाले, "पोरगा ऱ्हायला न्हाई. हायवेला गेला."

मी त्यांना चहा सांगितला आणि घरी गेले. घर दोन गल्ल्या सोडून. जे ऐकलं ते जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं, माझं काही त्यात घातलं नाही. ते भिंत सोडून सरळ बसले. मग म्हणाले, "पुसायला सांगितलं?" आणि उठून शर्ट मागितला.

गल्लीतून त्यांचा हात धरून नेताना लोक बघत होते. त्यांना ते दिसत नव्हतं, पण जाणवत असावं. हात ताठ झाला होता. दुकानात आल्यावर खुर्ची त्यांनी आपली आपण शोधली.

"पावणं, किती दिवस झालं बंद पडून?"

"दिवाळीपासनं असंल. नीट ठावं न्हाई. कुनी उघाडलाच नव्हता."

लॅपटॉपनं ड्राइव्ह घ्यायला नकार दिला. मी मुका स्क्रीन ओळीनं वाचत गेले, ते सांगत गेले, मी बदल केला. यादी आली. एंटर, पुन्हा एंटर. मग वाट पाहणं. त्यांनी तीन बटणं दाबली आणि तो सपाट आवाज बोलायला लागला. खोडदच्या बाबांनी दचकून माझ्याकडं पाहिलं. "हा मशीनचा आवाज आहे, बाबा," मी म्हटलं. "ह्यांना वाचून दाखवतोय."

डिस्क शाबूत होती. "हिच्यावर काही लिहायचं नाही, फक्त वाचायचं," ते स्वतःशीच म्हणाले. आवाज एकेक फोल्डर सांगत होता. फोटो होते, कसलीशी सर्टिफिकेटं होती. आणि एका फोल्डरमध्ये आवाजाच्या फायली, ओळीनं.

"यात काहीतरी रेकॉर्ड केलंय. लावू का?" त्यांनी विचारलं.

बाबांनी मान हलवली. ती त्यांना कशी दिसणार? "हो म्हणतायत," मी म्हटलं.

मुलगा नोकरीच्या मुलाखतीचा सराव करत होता. इंग्रजीत. स्वतःची ओळख करून देत होता, मध्ये अडखळत होता, थांबून पहिल्यापासून सुरू करत होता. शेतीबद्दल एक वाक्य होतं, ते त्याला जमतच नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच वाक्य. मग मागून एका बाईचा आवाज, लांबून, बहुतेक स्वयंपाकघरातून, "अरं, जेवून घे आधी, भाकर गार व्हतीय." आणि मुलगा मराठीत, "आलो गं. झालंच."

"बंद करा भाऊ," बाबा म्हणाले. नवऱ्याचा हात कीबोर्डवर गेला. तेवढ्यात बाबाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चालू ऱ्हाऊ द्या."

ते संपेपर्यंत आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. बाहेर जीपवाला ओतूर, आळेफाटा ओरडत होता.

सगळ्या फायली आम्ही दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवल्या. तो हातात घेऊन बाबा दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "घरी मंडळींला ऐकवू का नको? तिचा पन आवाज हाये त्यात. ती आजून नीट जेवत न्हाई."

नवरा म्हणाला, "तुम्ही ठरवू नका. तिला सांगा, असं असं आहे. ऐकायचं तर ती ऐकंल."

द्राक्षांच्या छाटणीच्या सुमारास बाबा पुन्हा आले, लॅपटॉप त्याच गोणीत गुंडाळून. तिला सांगितलं, म्हणाले. ती ऐकत नाही. ड्राइव्ह कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलाय, आणि कधी कधी नुसता काढून हातात घेऊन बसते. पण लॅपटॉप तिनं पुसायला दिला, पुतणीच्या शाळेला लागतो म्हणून. ते काम आम्हीच केलं. पुसायच्या आधी नवऱ्यानं मला डिस्कचं नाव दोनदा वाचायला लावलं.

आता दुकान रोज उघडतं. पूर्वीइतकं काम येत नाही आणि येणार नाही. उघडून बघायचं, स्क्रू काढायचं काम मी करते, ते बोटांनी तपासून सांगतात. नवी सिस्टिम निघाली की जुनी फाईल काढून मी नवी टाकते. मुक्या स्क्रीनशी आलं की ते मशीन माझ्याकडं सरकवतात, त्यासाठी आता मला हाक मारावी लागत नाही. मध्ये मध्ये ते चिडतात, आणि एखाद्या दिवशी येतच नाहीत. त्या दिवशी मी आलेला लॅपटॉप ठेवून घेते, नाव लिहिते आणि गिऱ्हाइकाला सांगते, उद्या बघू.