उसाच्या अंगानं सायकल

चाळिशी उलटल्यावर मी सायकल शिकले, तीही कॅनॉलवर. माळशिरसजवळच्या आमच्या गावाबाहेरून कॅनॉल जातो आणि त्याच्या भरावावरून मातीची एक वाट. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस. डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची गर्दी, म्हणून सकाळी फिरायला निघणारी सगळी माणसं या वाटेवर येतात.

लेक पुण्याला शिकायला गेली आणि तिची सायकल पडवीत पडून राहिली. एकदा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे आक्कांनी, तिची चाकं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "चल, शिकवते तुला. मी साळंला सायकलीवरच जात हुते."

"आक्का, या वयात?"

"मग कुठल्या वयात? आता काय तू ल्हान हुयाची न्हायस."

पदर खोचून आक्का कॅरिअर धरायच्या, मी पायडल मारायची. एका सकाळी मागून त्यांच्या धापा ऐकू येईनात. मी ओरडले, "आक्का, धरलंय ना?" उत्तर लांबून आलं, "कवाच सोडलंय की!"

काय सांगू मला काय झालं ते! वारा कानात शिरत होता, पाणी माझ्याबरोबर पळत होतं, आणि मी एकटीच हसत सुटले होते.

तेवढ्यात पुढं आमच्या शेजारचे म्हातारे मामा दिसले. बायपास झाल्यापासून डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ते रोज चालतात, वाटेच्या अगदी मधोमध. मी घंटी वाजवली. ते हलले नाहीत. पुन्हा वाजवली. मी अगदी पाठीशी आले तेव्हा ते दचकले आणि मी ज्या बाजूनं निघाले होते नेमके तिकडंच सरकले. मी हँडल वळवलं आणि सायकलीसकट उसात घुसले.

बाहेर आले तर मामा खाली बसलेले, हात छातीवर. मी धावत त्यांच्याजवळ गेले. कोपर सोलपटलं होतं, त्याची आठवणही राहिली नाही.

"मामा, दुखतंय का?"

"मला काय न्हाय झालं. एकदम मागनं आलीस, काळजात धस्स झालं बग."

"घंटी वाजवली की हो मी!"

"मला कुटलं आयकू येतंय नीट?"

आक्का पळत आल्या आणि मलाच झापायला लागल्या, "ब्रेक कशाला हाय गं?"

"तुम्ही ब्रेक शिकवलाच नाही!"

मग मामा हसले, आम्हीही हसलो, आणि तिथंच बसून आमची बोलणी सुरू झाली. मामा म्हणाले, "मी पाण्याच्या अंगानं चालतो, तू उसाच्या अंगानं चालीव. पडलीस तर मऊ तरी लागंल." आक्कांनी त्यात भर घातली: लांबूनच सायकल हळू करायची, मोठ्यानं हाक मारायची, आणि मामांनी हात वर केल्याशिवाय पुढं जायचं नाही. मला आधी ब्रेक शिकायचा होता. तो आक्कांनी त्याच दिवशी, उन्हं वर येईपर्यंत, शिकवला.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी पडवीतच चार वेळा ब्रेक दाबून बघितला. मामा दिसले तशी मी सायकल हळू केली, जवळजवळ थांबवलीच, आणि ओरडले, "मामा, आले!" ते पाण्याकडं सरकले. त्यांचा हात वर गेला. मी उसाकडून, पानं खांद्याला घासत, अलगद पुढं गेले. मागून मामांचा आवाज आला, "वा गं वा!"

आता फिरणाऱ्या बायकाही पाण्याच्या अंगानं एकामागं एक चालतात. गप्पा मारायला अडचण होते अशी त्यांची तक्रार आहे, ती रास्तच आहे. शाळेच्या पोरी सायकलीवरून भरधाव आल्या तर आक्का वाटेत उभ्या राहून त्यांना उतरायला लावतात. मामा तर कोणाचीही हाक आली की हात वर करतात, अगदी गुराख्याचीसुद्धा.

परवा मी एकटीच त्या वाटेनं पुढच्या गावच्या बाजाराला गेले. मेथी, वांगी, हिरव्या मिरच्या पिशवीत भरल्या, पिशवी हँडलला अडकवली आणि परत निघाले. पिशवीच्या वजनानं सायकल उसाकडं ओढली जात होती, आणि मी जोरात गाणं म्हणत होते.