भानुदाससमोरची माझी खुर्ची

“स्ट्रेचर घेऊन यार्डात या,” एवढंच फोनवर सांगितलं. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. साखर कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत एकोणीस वर्षं काढली की माणूस आधी धावतो, मग विचारतो. उसाच्या ट्रेलरच्या चाकाशी पडलेल्या माणसाचा डावा बूट मी लांबूनच ओळखला. त्याला तांबडी नाडी होती. अशी नाडी आमच्या भानुदासशिवाय कोणी बांधत नव्हतं... स्ट्रेचर उघडण्यात अर्थ उरला नव्हता. आज त्याला सात आठवडे झाले.

भानुदास पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला याच कारखान्यावर यायचे. पाचटाच्या झोपडीत, कोपीत वाढलेला हा गडी पुढे इथेच मिलवर हंगामी कामगार म्हणून लागला, याचा त्याला कोण अभिमान होता. मिलवर ऊस पिळला जातो तिथे आवाज इतका असतो, की सगळे एकमेकांच्या ओठांवरूनच बोलणं ओळखतात. भानुदास त्यात भलताच तरबेज. मी काचेपलीकडून नुसते ओठ हलवून ‘चहा?’ विचारलं की तो तिथूनच दोन बोटं दाखवायचा, दोन चमचे साखर. जन्म साखरेत गेला तरी त्याची गोडाची हौस काही फिटली नाही. ओठ असे वाचायचा म्हणूनच त्याचे कान गेलेत हे मला फार उशिरा कळलं. एकदा पाठमोऱ्या भानुदासला मी तीन हाका मारल्या आणि तो सरळ चालत राहिला.

हंगाम सुरू होण्याआधी बाहेरचे डॉक्टर येऊन सगळ्यांना तपासतात. कानांची तपासणी साधीच असते. कामगार खुर्चीत बसतो, डॉक्टर मागे उभे राहून हळूच एक शब्द बोलतात आणि त्याने तो परत म्हणायचा. समोर रजिस्टर घेऊन मी. तीन वर्षांपूर्वी तपासणीच्या आदल्या दिवशी भानुदास माझ्याकडे आला. कायम व्हायला थोडेच हंगाम उरले होते, पोरगी शिकत होती, आणि एकदा अनफिट शेरा पडला की हंगामी माणसाला परत कोण बोलावतं?

“भाऊ, तुमी नुसते व्हट हलवा. बाकी माजं मी बघतो.”

मी त्याला चांगलाच झापला. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्याच्या मागून ‘पाणी’ म्हणाले, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझे ओठ हलले. तिन्ही शब्द बरोबर आले. ‘फिट’ मीच लिहिलं, माझ्या हाताने. पुढच्या दोन्ही वर्षीही.

अपघाताची चौकशी झाली. ट्रॅक्टर मागे घेताना ड्रायव्हरने हॉर्न दिला होता, आणि कामगाराचे कान कागदोपत्री उत्तम. म्हणजे निष्काळजीपणा त्याचाच. चौकशीचा तो कागद घेऊन भानुदासची बायको, सुमनवहिनी, माझ्या खोलीत आल्या.

“घरात हाक मारली तर वळायचे न्हाईत. तुमी फिट लिवलं हुतं, म्हनून मला वाटायचं मुद्दाम करत्यात. त्या दिशी सकाळी पन लई बोलले मी त्यांला... भाऊ, म्हनून तर ते सरकले न्हाईत?”

खरं सांगावं तर त्यांचा नवरा लबाड ठरतो आणि माझी नोकरी जाते. न सांगावं तर या बाई जन्मभर स्वतःलाच दोष देणार. त्या दिवशी माझे ओठसुद्धा हलले नाहीत.

मागच्या आठवड्यात सगळ्यांची फेरतपासणी झाली. पहिलाच आला तो भानुदासचा मिलवरचा जोडीदार. मागून डॉक्टर बोलले आणि त्याने नेमकं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी उठलो, माझी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे डॉक्टरांनी तोच शब्द पुन्हा म्हटला, मग आणखी एकदा. त्या माणसाने अजून मला ओळख दाखवलेली नाही, आणि मला त्याचा राग येत नाही.

त्याच संध्याकाळी वहिनींकडे जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनाही लिहून दिलं आहे, पुढे काय व्हायचं ते होईल. वहिनी रडतील, मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या.

“मंग त्या सकाळचं माजं बोलनं त्यांला कळलंच नसंल,” त्या हळूच म्हणाल्या. “माज्याकडं पाठ करून बसले हुते. नाडी बांधीत.”