घरगुती वापरासाठी

ज्या सकाळी मी गाव सोडले, त्या सकाळी आई जात्यावर बसलेली होती, आणि दळण आमचे नव्हते. माझे लाडू केव्हाच बांधून झाले होते. ट्रंक अंगणात, वडील ट्रंकेजवळ, एस.टी. तिठ्यावर यायच्या बेतात. आणि शेजारची काकू ऐन वेळी सूपभर तांदूळ घेऊन दारात उभी. गिरण खाडीपलीकडे, होडी दुपारची. वडील करवादले, “एष्टी काय काकूच्या तांदळाखातर थांबतली?” आईने खुंटा सोडला नाही. ती एवढेच म्हणाली, “जो आपल्या जात्यार येता, तो परको नाय. थांबा जरा.” मी थांबलो. एस.टी.सुद्धा थांबली, कारण चालकाने टपरीवर चहा मागवला होता. आईचे ते वाक्य मी मुंबईस घेऊन आलो खरा; परंतु लाडवांप्रमाणे तेही वाटेतच संपले असावे, असे पुढे बरीच वर्षे वाटत राहिले.

गावी राहिलेल्या मंडळींनो, आणि माझ्याप्रमाणे चाकरमानी होऊन इकडे आलेल्यांनो, माझा व्यवसाय आपणांस ठाऊक आहेच. परळला सरकारी कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. आठवीनंतर शाळेने माझा व मी शाळेचा निरोप घेतला. तरीही आज वकील मंडळी माझ्या ‘सबब’ आणि ‘तथापि’ यांना वचकून असतात, हे नम्रपणे नमूद करतो. ही भाषा मी कोठे शिकलो? वेष्टनांच्या मागील बाजूस. लालबागेत मामांच्या खोलीत उतरलो तेव्हा वाचायला दुसरे काही नव्हते. साबण, चहा, बिस्किटे, जे हाती येई त्याची पाठ मी वाचून काढी. ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ हे माझे पहिले सुभाषित होय.

आणि काय सांगू, त्या वाचनात केवढे सुख होते! गावी माल निनावी असे आणि गिऱ्हाईक नावाने ओळखीचे. मुंबईत मालाला नाव, आणि गिऱ्हाईक निनावी. मला ते फार आवडले. दुकानदार माझे कूळ विचारीत नसे, आत्याच्या लग्नाचे काय झाले हेही विचारीत नसे. “बोलो शेठ,” म्हणे. एकोणीस वर्षांच्या पोराला शेठ! छापील किमतीवर बोट ठेवून मी ताठ मानेने उभा राहत असे. पुढे मी पीठसुद्धा मोहोरबंद पाकिटाचेच घेऊ लागलो. ज्याच्यावर काही छापलेले नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा?

आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर मंदावहिनी राहतात. त्यांचे यजमान सदाभाऊ यांचे गुडघे गेले, नोकरी सुटली, तेव्हा वहिनींनी घरघंटी घेतली. विजेवर चालणारी, कपाटाएवढी, घरातल्या घरात दळण काढून देणारी. चाळीतल्या बायका डबे आणू लागल्या. दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीला तर जिन्यापर्यंत रांग लागे. त्या पिठावर घर चालत असे. मीच काय तो पाकीटवाला. वहिनी मला ‘ब्रँडेड भाऊजी’ म्हणत आणि साऱ्या मजल्याचे मी गिऱ्हाईक होई.

यंदा नवरात्राच्या तोंडावर घरघंटीची मोटर जळाली. वॉरंटी शिल्लक होती. वहिनींनी कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारले, “मॅडम, रोज किती दळता?” आता आमच्या बायका या प्रश्नाला काय उत्तर देणार? वहिनी अभिमानाने म्हणाल्या, “अख्ख्या चाळीचं!” सायंकाळी मेसेज आला : यंत्र घरगुती वापरासाठी आहे; आपला वापर व्यावसायिक असल्याने वॉरंटी लागू होत नाही.

वहिनी माझ्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते, आणि तेच मला अधिक लागले. “भाऊजी, दिवाळी हुकली तर मी खोलीला कुलूप लावते न् ह्यांना घेऊन संगमेश्वरला जाते. तिकडे निदान भाताला तोटा नाही.”

“वहिनी, मी असताना?”

“तुम्ही असून काय करणार? पाकिटातलं पीठ खाणारा माणूस!”

अर्ज लिहावयास बसलो. खोटे लिहायचे नाही, हा माझा नियम. वहिनी दळणाचे पैसे घेतात हे मी स्पष्ट लिहिले. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्र कायदा व्यापारी हेतूचे मानीत नाही, हेही ठणकावून लिहिले. पण ‘घरगुती’ या शब्दाशी येऊन लेखणी अडली. घर म्हणजे नेमके काय? दहा बाय बाराची खोली? मग जिन्यात उभे राहून भाजणी निवडणाऱ्या बायका कोठे धरायच्या? आणि इतक्या वर्षांनी, कोणी हाक मारल्यासारखे, जात्याची घरघर कानी आली. मी लिहिले : “अर्जदार हिच्या यंत्रावर धान्य घेऊन येणारा कोणीही इसम तिला परका नाही. सबब सदरहू वापर घरगुतीच होय.”

काही दिवसांनी कंपनीचा टेक्निशियन आला. पाठीवर बॅग, कपाळावर घाम. वहिनींनी त्याला पाणी दिले, दिवाणावर बसवले. त्याने चौफेर पाहिले. “काकी, वो दुकान किधर है?”

“दुकान? तुम्ही बसलात तो रात्री आमच्या ह्यांचा पलंग. समोर देव. मागे मोरी. आता दुकान तुम्हीच शोधा न् मला पण दाखवा!”

दारातून शेजारची नलू ओरडली, “हिचं दुकान असतं तर हिने आम्हाला इतक्या शिव्या घातल्या असत्या का? गिऱ्हाइकाशी कोण असं बोलतं?”

सगळा मजला हसला. टेक्निशियनही हसला. मग त्याने विचारले, “अर्ज कोणी लिहिला? आमचा बॉस बोला, वो परका नाही मतलब क्या, समझ के आ.”

मी पुढे झालो. त्यास विस्ताराने समजावून सांगणार होतो. प्रस्तावना मनात तयारही होती. पण तोवर वहिनींनी स्टोव्हजवळून गरम थालीपीठ त्याच्या हाती दिले. शेवटच्या उरलेल्या भाजणीचे होते ते. त्याने घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, “समझ गया.”

दसऱ्याआधी नवी मोटर बसली. कंपनीने आपल्या उत्तरात ‘आपला वापर घरगुती ग्राह्य धरण्यात येत आहे’ असे लिहिले. ‘ग्राह्य’ हा शब्द त्यांनी माझ्याच अर्जातून उचलला आहे, हे जाणकारांच्या ध्यानी येईल.

घरघंटी सुरू झाली तेव्हा मी खाली माझ्या खोलीत होतो. आवाज छतातून झिरपत आला. मी टेबलावरचे पिठाचे पाकीट उलटे करून पाहिले. सगळे काही छापलेले होते. कोणी दळले, तेवढेच नव्हते. मी उठलो, वाण्याकडून गहू आणले, मामांच्या वेळचा पितळी डबा घासून त्यात भरले आणि जिना चढलो.

बायकांनी मला पाहून एकच गिल्ला केला. “अगं बाई, ब्रँडेड भाऊजी आले!”

अर्जाची पुण्याई ध्यानी घेऊन मला पुढे घेतील, अशी माझी रास्त अपेक्षा होती. मंदावहिनींनी पिठाळ हाताने जिन्याच्या टोकाकडे बोट दाखवले. “नलूच्या मागे उभे राहा, भाऊजी. इथे वशिला नाही.”

गावकऱ्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, मुंबईत आता आपलेसे वाटते का? मी नलूच्या मागे, डबा पोटाशी धरून उभा होतो. आणि मला कसलीही घाई नव्हती.