साक्षगंधानंतरचा दाखला

माझ्या मुलीने नेदरलँड्समध्ये लग्न करायचे ठरवले, तेव्हा मी नुकतीच सेवानिवृत्त झाले होते. करडीच्या शाळेत मी भूगोल शिकवत असे. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी राहावे म्हणून आपण कडेने धुरा घालतो, तसा तिकडच्या लोकांनी समुद्र बाहेर राहावा म्हणून बांध घातला आहे, असे मी मुलांना सांगे. त्याच बांधाआडच्या एका शहरात माझी लेक नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिचे जमले.

तिथला कायदा तिने मला फोनवर समजावला आणि मी तो फळ्यावर मांडावा तसा मनात मांडून घेतला. दोघांपैकी कोणीतरी त्या देशाचा रहिवासी हवा. ते दोघेही होते. नगरपालिकेला लग्नाची आगाऊ सूचना द्यायला हवी. जन्माचा दाखला हवा. आणि ज्या देशातून आपण आलो, त्या देशाने आपण अविवाहित आहोत असे लिहून द्यायला हवे. तेही ताजे, जुने चालत नाही. म्हणजे ती तिथे राहते हेही सिद्ध करायचे आणि ती इथली आहे हेही.

जन्माच्या दाखल्याने थोडी गंमत केली. तिचा जन्म माझ्या माहेरचा, आमगावचा. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते, आता गोंदियात; पासपोर्टवर भंडारा, नव्या दाखल्यावर गोंदिया. 'एकच मुलगी दोन जिल्ह्यांत कशी जन्मली?' असे तिकडच्या नगरपालिकेने विचारले. जिल्हा हलला, मुलगी नाही, हे मुलीने त्यांना नकाशा काढून दाखवले. माझी विद्यार्थिनी ती.

खरी अडचण अविवाहित असल्याच्या दाखल्याची होती. मोहाडीच्या तहसील कार्यालयातल्या बाबूंनी रीत सांगितली: आईचे प्रतिज्ञापत्र, आणि मुलीला चांगले ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे जबाब. त्यावर तहसीलचा दाखला, मग भंडाऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयाची सही, मग परराष्ट्र खात्याचा शिक्का. एक पायरी अडली की पुढच्या सगळ्या अडतात. लग्नाची तारीख मिळाली होती. कागद वेळेत पोचले नाहीत तर ती तारीख हातची जाणार होती.

पहिला साक्षीदार म्हणून मी थोरल्या दिरांकडे गेले. माझे यजमान गेल्यापासून घरातले वडीलधारे तेच. गावातल्या बुद्धविहाराच्या समितीतही त्यांचाच शब्द चाले. ओसरीवर बसून ते सुपारी कातरत होते. सगळे ऐकून घेतले आणि अडकित्ता बाजूला ठेवला.

"मास्तरीणबाई, मी असं कसं सांगू? पोरीचं साक्षगंध झालं हाये. सारा गाव जेवला. मीच बसलो होतो पहिल्या पंगतीत."

पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात, ते आमच्याकडे साक्षगंध. ते खरोखरच झाले होते, मोहाडीच्या एका चांगल्या घराशी. पुढे मुलीला परदेशी शिकायला जागा मिळाली. मुलाला थांबणे शक्य नव्हते. दोन्ही घरांनी फोनवरच, न भांडता, विषय मिटवला. त्या मुलाचे नंतर लग्नही झाले.

"भाऊजी, साक्षगंध म्हणजे कायद्याने लग्न नव्हे," मी म्हणाले.

"मले कायदा नोको शिकवू. चार माणसाईत जोडलं, ते चार माणसाईतच सुटते. फोनवर सुटते काय? मोकळीक कोनं देल्ली? कवा देल्ली? मी खोटी शपथ कायले खाऊ?"

"त्या मुलाला तर मूल झालं आता."

"त्याचं तो जाने. आपली पोरगी मोकळी झाली का नाई, हे आपल्याले कोनं सांगितलं?"

आतून जाऊबाई म्हणाल्या, "पोरगी तिकडं वाट पाहून राहिली, अन् हे इथं पंचायत भरवून राहिले!"

"तू पोहे कर," दीर म्हणाले.

दुसरे साक्षीदार आमचे शेजारी होते; थोरल्या दिरांना ते दादाजी म्हणत. ते म्हणाले, "दादाजी जबाब देतीन तं मी बी देतो. त्याईच्या पुढं कसा जाऊ?"

मी रागावले नाही असे नाही. पण रात्री विचार करता मला त्यांच्या बोलण्यात एक नियम दिसला, आणि नियम दिसला की माझा राग उतरतो. तिकडची नगरपालिका तरी वेगळे काय विचारत होती? ही मुलगी कोणाला बांधलेली नाही, हे तिला ओळखणाऱ्यांनी समोर येऊन सांगावे, एवढेच.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी मोहाडीला त्या घरी गेले. मुलाचे वडील एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. इतक्या वर्षांनी मला दारात पाहून ते गडबडले. मी पिशवीतून साक्षगंधाला त्यांनी दिलेली साडी काढून पुढे ठेवली. मोरपंखी रंगाची, घडीही न मोडलेली. मग येण्याचे कारण सांगितले.

त्यांनी साडी दोन्ही हातांनी उचलली. "बाई, चूक आमचीच. मोकळीक द्याले आमीच याले पायजे होतं. शरम वाटली, म्हनून राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते करडीला आले. विहारात समितीचे लोक बसले. वंदना झाल्यावर ते उभे राहिले आणि तिकिटासाठी हाक घालत असतील तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "ह्या पोरीवर आमच्या घरचा काही हक नाई. पोरगी मोकळी हाये. तिनं सुखानं लगन करावं." मग साडी माझ्या हातात परत दिली. "हे मांगं घेत नाई मी. पोरीले सांगा, सासऱ्याची नोको समजू, मामाकडची समज."

थोरल्या दिरांनी टोपी नीट केली. "आता चाला मोहाडीले. देतो जबाब."

शेजाऱ्यांना त्या दिवशी नेमका ताप होता. पाहुणे म्हणाले, "मंग मी हावो ना." तहसीलमध्ये बाबूंनी त्यांना विचारले, "मुलीशी नातं काय?"

"होता होता राहिलेला सासरा."

बाबूंनी पेन थांबवला. "काका, असं लिहिता येत नाही."

"काहून? खरं हाये ते."

"खरं असेल, पण रकान्यात बसत नाही."

"मंग परिचित लिवा," थोरले दीर म्हणाले, आणि मी त्यांना प्रथमच कार्यालयात हसताना पाहिले.

दाखला भंडाऱ्याला गेला, पुढे दिल्लीला गेला, भाषांतर होऊन तिकडे पोचला. तारीख टळली नाही. साक्षीदारांची नावे वाचून मुलीने फोन केला. म्हणाली, "आई, मोहाडीचे काका स्वतः आले होते?"

"स्वतः आले होते."

"मग ती साडी पाठव."

मला जाता आले नाही. लग्न मी छायाचित्रातच पाहिले. नगरपालिकेच्या दारात ती उभी, आणि मागे कालव्यात पाणी, धुऱ्याला लागेल इतके काठोकाठ.

पुढच्या बाजारी मोहाडीला ते निवृत्त वाहक भेटले. हातात वांग्यांची पिशवी होती.

"झालं पोरीचं?"

"झालं."

"साडी नेसली?"

"नेसली."

"थंडी असन तिकडं. वरून कोट घातला असन."

"घातला होता."

"मंग साडी दिसली काय?"

"काठ दिसला," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पिशवीतली चार वांगी काढून माझ्या पिशवीत टाकली.