मामा आणि रेडकाची परीक्षा

आमचे सासरे, म्हणजे मामा, ज्या दिवशी कुणाला शिव्या देत नाहीत तो दिवस धोक्याचा, एवढं मी बारा वर्षांत शिकले आहे. घरी चार म्हशी. संध्याकाळी एक म्हैस चौकातल्या दूध-कट्ट्यावर न्यायची, गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसाळ ग्लास हातात द्यायचा, हा त्यांचा धंदा आणि रुबाबही.

गेल्या मे महिन्यात त्यांना जत्रेतलं मटण बाधलं. जुलाब सुरू झाले. औषध काय घेतलं, तर तांब्याभर धारोष्ण दूध. "ताकद भरून निघती," म्हणाले. ताकद कुठली, संडासाच्या खेपा तेवढ्या वाढल्या.

दुपारी बघते तर गप्प पडलेले. जीभ कोरडी ठणठणीत, डोळे खोल गेलेले, सकाळपासून लघवी नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हणाल्या, "मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. दोन तासांत लघवी झाली नाही किंवा गुंगी आली, तर उचलून आणा."

उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मामांनी तोंड फिरवलं. "आजाऱ्याचं पाणी मला नगं. दूध आण."

माझंही डोकं फिरलं. "मामा, रेडकाला हगवण लागली की काय बघता?"

"कातडी. वडून सोडायची. झटक्यात बसली न्हाय तर पाणी कमी."

"मग आता स्वतःची ओढा."

त्यांनी हाताची कातडी ओढली. ती तशीच उभी राहिली. म्हाताऱ्या माणसाची कातडी तशीही सैल असते, हे काही मी सांगितलं नाही.

"आणि अशा रेडकाला दूध पाजता?"

"खुळी हाईस काय? मीठ-गुळाचं पाणी." एवढं बोलले, आणि त्या पाण्यासाठी हात पुढं केला.

मी चमच्याचमच्यानं पाजत होते. एकदा उलटलं, दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. हेही गेले तर, या भीतीनं सारखी घड्याळ बघत होते.

दीड तासानं मामा भिंत धरून मोरीत गेले. मी लाज सोडून दाराला कान लावला. आत धार वाजली. मग आवाज आला, "कान लावून काय हुबी हाईस गं भवाने? म्हशीस्नी पाणी कोण दावणार, तुझा बा?"

मी तिथंच खाली बसले आणि रडतरडत हसले. माझा बा आत होता.