खळ्यातली ड्रिफ्ट

कारखान्यातल्या सुपरवायझरला चारही चाकांना जोर असलेली गाडी कशाला लागते, असं बायकोने गाडी घेतानाच विचारलं होतं. मी म्हणालो, "पावसाळ्यात बोईसरचे रस्ते बघतेस ना?" हे खोटं होतं. मला ड्रिफ्ट करायची होती. म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम घसरवायची, मागची चाकं बाहेर जाऊ द्यायची आणि स्टिअरिंग उलट फिरवून तोल सांभाळायचा. मोबाइलवर हे फार सोपं दिसतं.

दिवाळीनंतर मी मासवणला बहिणीकडे गेलो. भातकापणी झाली होती. शेतात भुसभुशीत माती होती आणि आड येणारं कुणी नव्हतं. शेताच्या कडेला खळ्यात भाताचे भारे गोल पसरले होते. ट्रॅक्टर येऊन त्यांवर फिरला की दाणे सुटणार होते. आभाळ मात्र भरून येत होतं. भात भिजला असता तर बहिणीच्या घरचं वर्षाचं धान्य काळं पडलं असतं. सगळे ट्रॅक्टरची वाट बघत होते, आणि मला वाटलं, तेवढ्यात एक गोल होईल.

पहिला गोल इतका झकास जमला की दुसरा बहिणीला दिसावा म्हणून मी खळ्याजवळ घेतला. मागची चाकं सुटली आणि ओंजळ ओंजळ ढेकळं उडाली, थेट भातावर. काही बहिणीच्या सासूबाईंच्या डोक्यावर.

"दादा, गाडी बंद कर आधी!" बहीण ओरडली.

"आई, माझं चुकलं. मला माफ करा. खरं तर मी बायकोशीही खोटं..."

"ते तिला सांग. ढेकळं वेच," सासूबाई केसांतली माती झटकत म्हणाल्या.

मी वाकून ढेकळं वेचत होतो तेवढ्यात फोन आला. ट्रॅक्टर वाटेतच बंद पडला होता. सगळ्यांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे.

"गोल फिरायची हौस हाय ना तुला? मग इथं फिर!" सासूबाई म्हणाल्या.

मी भाऱ्यांवरून फिरू लागलो. प्रत्येक फेरीला काच खाली करून म्हणायचो, "आई, माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास..."

"मळणीत बैलाला मुसकं बांधायचो, भात खाऊ नये म्हणून," त्या बहिणीला म्हणाल्या. "याला पण बांध गं. खात नाय, पण बडबडतो किती!"

मध्येच मोह झाला आणि मी ॲक्सिलरेटर जरासा दाबला. पेंढा उडाला. लगेच बॉनेटवर काठी बसली. "हळू रे! गाभण म्हस नेतोस असं समज!"

मी तसं समजलो. पेंढा झाडून दाणे गोळा केले, वर ताडपत्री ओढली आणि मग थेंब पडू लागले. भात वाचला होता.

सासूबाई भर पावसात गाडीभोवती फिरल्या. मागे वाकून चाकांमधली जमीन त्यांनी नीट बघितली.

"बैल बरा हाय," त्या म्हणाल्या. "पण एवढा फिरला, शेण काय टाकलं नाय."

त्याबद्दलही मी त्यांची माफी मागितली.