दोन धूर, एक माळ

पुलगावात भैय्याजींचं भांड्यांचं दुकान होतं. सगळीकडे पितळ, आणि पितळेच्या मधोमध भैय्याजी. तेही त्याच धातूचे वाटायचे: गोल, चकचकीत, आणि हलकीशी टिचकी मारली तरी बराच वेळ वाजत राहणारे. गळ्यात तुळशीची माळ. त्यांची बायको सुमित्राबाई ज्या वर्षी विषमज्वरातून उठली, त्या वर्षी त्यांनी ती घातली आणि मांसमच्छी सोडली. का घातली असं कोणी विचारलं की म्हणायचे, वय झालं. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती.

आणि तरी कोंबडीच्या कबाबाविषयी गावात शेवटचा शब्द या माळकऱ्याचाच होता.

आधी कबाब म्हटलं की नाचणगावचा गफूरमिया. बाजाराच्या दिवशी बांबूच्या तट्ट्याच्या छपराखाली तो उघडी शेगडी मांडायचा. बाभळीचा कोळसा, सळईवर ओवलेले तलंगेचे, म्हणजे कोवळ्या कोंबडीचे, लहान लहान तुकडे, कच्च्या पपईत आणि आलं-लसणात सकाळपासून मुरलेले. गफूरमिया बोलायचा कमी आणि वारा घालायचा जास्त. हिंदू गिऱ्हाइकाला कबाब पळसाच्या पानावर मिळे. पान खाऊन झाल्यावर फेकून देता येतं, त्यामुळे पुरावा राहत नाही, ही पळसाची मोठीच सोय.

फाळणीनंतर ओमप्रकाश आला. कुठून कुठून फिरत तो पुलगाव स्टेशनच्या रस्त्याला टेकला, म्हाताऱ्या आईसह. त्यानं एक लोखंडी पिंप जमिनीत पुरलं, आतून मातीनं लिंपलं आणि त्याला तंदूर म्हणू लागला. दह्या-ओव्यात माखलेले कोंबडीचे मोठे तुकडे त्यात उभ्या सळईनं सोडायचा. दारूगोळ्याच्या डेपोतले शिपाई तिथं बाकांवर दाटीनं बसत.

झालं, गावात दोन पक्ष पडले. शाळेतले प्रभाकरराव ओमप्रकाशच्या बाजूचे. ते खादी वापरत, आणि कबाब खाताना खादीचाच मोठा रुमाल मांडीवर पसरत, म्हणजे सूत आणि तत्त्व दोन्ही तेलापासून वाचत. कापसाच्या जिनिंगमधले कारकून बबनराव गफूरमियाच्या बाजूचे. दोघं रोज संध्याकाळी भैय्याजींच्या दुकानात बसून भांडत आणि निकाल भैय्याजींकडे मागत.

माळकरी माणूस निकाल देतो कसा? जाहीर उत्तर असं होतं की नाकानं. माळ गळ्यात असते, नाकात नसते, असं भैय्याजी म्हणत. मित्रांबरोबर ते नुसते बसायला जातात, वास घेतात, खाणाऱ्याला दोन प्रश्न विचारतात, एवढंच.

खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. गफूरमियाच्या छपराच्या बांबूला एक खुंटी होती, ओमप्रकाशच्या भिंतीला एक खिळा होता. भैय्याजी आले की आधी हात धूत, डोळे मिटून पुटपुटत, माळ काढत आणि तिथं अडकवत. पवित्र वस्तू खाली ठेवायची नाही, खरकट्या हाताजवळ ठेवायची नाही, म्हणून उंच. त्यानंतर जो कोणी खात असे तो माळकरी नव्हे. मंडळी त्या वेळी रस्त्याकडे बघत. माळ खुंटीवर असेतोवर भैय्याजी तिथं नसत, असा अलिखित ठराव होता. खाऊन, हात-तोंड धुऊन, माळ पुन्हा गळ्यात घातली की सगळे त्यांच्याकडे वळून म्हणत, मग, वासावरून काय वाटते भैय्याजी?

मात्र एक गोष्ट या दोघा मित्रांनाही माहीत नव्हती. विषमज्वरात सुमित्राबाईची शुद्ध हरपली होती, तेव्हा भैय्याजींनी भिंतीकडे तोंड करून देवाशी व्यवहार केला होता: हिला उठव, मी माळ घालतो. ती उठली. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, तिला तर नाहीच. त्यामुळे प्रत्येक कबाबाच्या दुसऱ्या घासाला त्यांच्या पोटात काहीतरी गार व्हायचं. घास गिळायचा, आणि मग घरी जाऊन ती धडधाकट भाकरी थापताना दिसली की सुटल्यासारखं वाटायचं. पुढल्या कबाबापर्यंत.

एका बाजाराच्या दिवशी प्रभाकररावांनी पेच टाकला. एकाच संध्याकाळी दोन्हीकडे जायचं, आधी नाचणगाव, मग स्टेशन, आणि निकाल तिथल्या तिथं. बबनराव म्हणाले, कबूल. भैय्याजींनी दुकान लवकर बंद केलं.

गफूरमियाकडचे तुकडे कडेला थोडे काळे, आत लुसलुशीत. तोंडात गेल्यावर आधी धूर लागे, मग मिरची, आणि अगदी शेवटी कोंबडी, लाजत लाजत. ओमप्रकाशकडचा तुकडा आल्या आल्या ओळख सांगे. दही आंबट, ओवा तिखट, हाडाजवळचा रस बोटावर. प्रभाकरराव म्हणाले, हा कबाब मनगटानं खायचा आहे. बबनराव म्हणाले, तो जिभेनं खायचा होता. भांडण असं रंगलं की उठताना प्रभाकररावांचा रुमाल बाकावर राहिला. निकाल विचारला तेव्हा भैय्याजी विचारात पडले होते. त्यांचं मन खरोखर दोन्हीकडे ओढत होतं. उद्या सांगतो, म्हणाले, आणि तसेच घरी गेले.

घरी चूल पेटली नव्हती. सुमित्राबाई भिंतीशी गोधडी घेऊन पडली होती. कपाळ गरम लागलं. पाणी आणायला म्हणून भैय्याजी न्हाणीत वाकले आणि नेहमी माळ पुढं लोंबते ती लोंबली नाही. हात गळ्याकडे गेला. गळा रिकामा होता.

त्या क्षणी त्यांना सगळं एकदम समजलं, म्हणजे त्यांना तसं वाटलं. एका संध्याकाळी दोनदा खाल्लं. देवानं माळ काढून घेतली आणि ताप परत पाठवला. ते चप्पल उलटीसुलटी घालून बाहेर पडले. कुठं विसरली ते आठवेना. नाचणगावच्या खुंटीवर अडकवली ती आठवत होती; पुन्हा घातली की नाही, ते नव्हतं आठवत. ते नाचणगावकडे धावले.

गफूरमिया शेगडी विझवत होता. त्यानं खुंटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“माळ तुम्ही घालून गेले, भैय्याजी. मी पाह्यतो ना दरवेळी. तुम्ही विसरले तर मले आठवण पाहिजे.”

म्हणजे सगळे रस्त्याकडे बघत होते, तेव्हा हा एकटा खुंटीकडे बघत असे. भैय्याजींना लाज वाटायला वेळ नव्हता. ते उलट्या पावली स्टेशनकडे निघाले. तिथं तंदूरवर झाकण होतं, खिळा रिकामा होता आणि ओमप्रकाशची आई एकटी बसली होती. तिनं हातानंच भैय्याजींच्या घराची दिशा दाखवली.

ते घरी पोचले तेव्हा कंदील लागला होता, चहापुरती चूलही पेटली होती. ओसरीवर ओमप्रकाश चहाची बशी धरून बसला होता, आणि सुमित्राबाई भिंतीला टेकून, गोधडी खांद्यावर, मांडीत एक धुतलेलं पांढरं फडकं. फडक्यात माळ. झालं ते असं होतं: ओमप्रकाशच्या आईला खिळ्यावर माळ दिसली. देवाची वस्तू मांसाच्या जागी रात्रभर राहू द्यायची नाही, म्हणून तिनं मुलाला आंघोळ करून, कपडे बदलून इकडे धाडलं होतं. ओमप्रकाश बिचारा आपण मोठं पुण्य केलं अशा चेहऱ्यानं बसला होता. भैय्याजींना पाहून तो उभा राहिला आणि त्यांचा चेहरा पाहून पुन्हा बसला.

सुमित्राबाईनं माळ उचलून नाकाशी नेली.

“आज दोन्हीकडे गेलते तुम्ही.”

भैय्याजी पायरीशीच थांबले.

“बाजाराच्या दिवशी बाभळीचा वास, बाकी दिवशी ओव्याचा. मणी तुळशीचे, धूर पिऊन टाकतेत. तुम्ही आंघोळीले काढून ठेवता, मी पुसतो, तवा मले समजत नाई का?”

पवित्र राहावी म्हणून माळ उंच टांगायची; आणि उंच टांगायची म्हणजे नेमकी धुराच्या वाटेत. इतकी वर्षं पितळ तोलणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. ओमप्रकाशसमोरच सांगितलं, कारण थांबलं असतं तर पुन्हा कधी तोंडातून निघालं नसतं. भिंतीकडे तोंड करून केलेला व्यवहार, दुसऱ्या घासाचा गारवा, आजचा ताप. बोलताना त्यांचा आवाज फुटक्या हंड्यासारखा झाला. सुमित्राबाई ऐकत राहिली. तिला हे नवीन होतं. तिचा एक हात माळेवरच होता.

“माहा जीव का कोंबडीच्या तंगडीले बांधून ठेवला तुम्ही?” ती शेवटी म्हणाली. “दुपारभर उन्हात मिरच्या वाळवल्या, अंग कसकस करून राह्यलं. उद्या उतरते.”

ती हसत नव्हती, पण रागावलेलीही नव्हती. डोळे मात्र तिनं पदरानं पुसले, धूर गेल्यासारखे. ओसरीवर तेव्हा धूर नव्हता.

ओमप्रकाशनं बशी खाली ठेवली. घरातला कठीण प्रसंग हलका करावा असं त्याच्या मनात असावं, किंवा त्याला खरंच जाणून घ्यायचं असावं. त्यानं विचारलं, “तो बहनजी, किसका अच्छा है?”

सुमित्राबाईनं आयुष्यात कोंबडी चाखली नव्हती. तिनं माळ पुन्हा नाकाशी नेली आणि डोळे मिटले, भैय्याजी माळ काढताना मिटायचे तसेच.

“तुमच्या तंदूरचा वास मले लगेच धुवा लागते,” ती म्हणाली. “नाचणगावचा दोन दिवस तसाच राहू द्यावा वाटते.”

दुसऱ्या दिवशी भैय्याजींनी दुकानात हा निकाल सांगितला आणि बबनरावांनी तो जिनिंगभर फिरवला. प्रभाकररावांचं म्हणणं पडलं की ज्याला धुवावं लागतं तोच वास दमदार. रुमाल आणायला ते त्याच संध्याकाळी स्टेशनकडे गेले आणि रुमालासाठी बराच वेळ बसले. ओमप्रकाशनं ओवा कमी केला, असं ऐकिवात होतं. ताप सकाळीच उतरला होता.

माळेची सोय सुमित्राबाईनंच लावून दिली. देवघराच्या दाराशी एक खुंटी ठोकून घेतली आणि सांगितलं, जायचं असलं का इथं ठेवून जाजा, माह्या नजरेसमोर. देवाशी बोलणं माह्या जिवाचं झालं होतं, आता पुढचं मी बोलतो त्याच्याशी.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी भैय्याजी गळा उघडा ठेवून नाचणगावला जात. सगळ्यांनी रस्त्याकडे बघणं थांबवलं, त्यामुळे सुरुवातीला त्यांना खाताना अवघडल्यासारखं होई. दुसरा घास गार लागत नसे, हेही नवीनच होतं. इकडे सुमित्राबाई स्वयंपाकाला बसण्याआधी खुंटीकडे एकदा बघायची. माळ तिथं असली की एक भाकरी कमी थापायची.